देशी झाडांची बाग: घोडं बियांपाशी अडतं

घाणेरीवर फुलपाखरं येतात, मग ती काढायची कशाला, असं मला नेहमी विचारतात. मध प्यायला येतात, हे खरं. पण त्यांची पिल्लं, म्हणजे सुरवंट, वाढायला ठरलेल्या झाडाचं पान लागतं: लिंबाळी फुलपाखराला लिंबाच्या कुळातलं, बिबळ्या कडवा फुलपाखराला रुईचं. घाणेरी मुळात अमेरिका खंडातली, गुलमोहर मादागास्करचा. आपल्याकडच्या फारच थोड्या सुरवंटांना त्यांची पानं चालतात.

कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी लावा. पावसाळ्यात फांद्या खोचल्या की लागतात. पांगाऱ्याचंही तसंच. कुंडीत रुई जगते, फक्त तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. करंजाचं बी काही न करता उगवतं. जांभूळ आणि कडुनिंबाचं बी मात्र डबीत जपून ठेवू नका, फळ पिकल्यावर लगेच पेरा. दोन-तीन आठवड्यांत त्यातला जीव जातो.

आता बहावा. पहिली दोन वर्षं मी शेंगा फोडून बिया थेट मातीत घातल्या आणि रोज पाणी दिलं. एकही कोंब आला नाही. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून बिया चुलीवर उकळल्या. सगळ्या शिजून मेल्या. बी वाईट नव्हतं. त्याचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आतच जात नाही. निसर्गात ते झिजायला महिने, कधी वर्षं लागतात.

पूर्ण काळी, वाळलेली शेंग घ्या, हलवली की खुळखुळते. आत आडव्या पडद्यांत एकेक चपटं, तपकिरी बी असतं. भोवतीचा चिकट गर धुऊन टाका. मग प्रत्येक बी हातात धरून पॉलिश पेपरवर घासा. ज्या टोकाला ते शेंगेला चिकटलेलं असतं ते टोक सोडा, कारण अंकुर तिथे असतो. उलट बाजूला तपकिरी कवचाखाली फिकट ठिपका दिसला की थांबा. त्यापुढे घासलं तर बी कुजतं.

रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी काही बिया दुप्पट फुगलेल्या दिसतील, काही जशाच्या तशा टणक. फुगलेल्या त्याच दिवशी पेरा, टणक पुन्हा घासा. ॲसिडात बुडवण्याचा सल्ला घरी कुणी पाळू नये. दहा-वीस रोपांसाठी ती जोखीम कशाला?

सोटमूळ झपाट्याने खाली जातं, त्यामुळे उथळ ट्रे नको, उंच पिशवी घ्या. वर बोटभर पानं दिसतात तेव्हा खाली मूळ पिशवीच्या तळाला टेकलेलं असतं. तिथे ते गोल फिरू लागलं तर झाड जन्मभर कमकुवत राहतं. म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीत लावून टाका. रोपं आणखी मोठी होऊ द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

पुढे फिकट पिवळी फुलपाखरं बहाव्याच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालतील. पानाच्या मधल्या शिरेलगत हिरवा सुरवंट बसलेला असतो, बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही. पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणी करू नका. झाडाला नवी पालवी फुटते.