सुपरचार्जरचा दाब कमी पडतो तेव्हा दोष कसा शोधावा

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढताना माझी जी गाडी वर्षानुवर्षे तिसऱ्या गिअरमध्ये विनासायास निघत असे, ती गेल्या पावसाळ्यानंतर त्याच वळणांवर आपणहून दुसऱ्यावर उतरू लागली. गॅरेजमध्ये नेल्यावर बॉनेट उघडताच सांगण्यात आले की सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जादा हवा ढकलणारा पंप, यालाच ब्लोअर म्हणतात) संपला आहे, नवा बसवावा लागेल. प्रत्यक्षात ब्लोअरच्या तोंडाकडून इंटरकूलरकडे (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी होजला खालच्या अंगाने बोटभर चीर गेली होती. तिच्याभोवती तेलाचा पातळ थर जमून त्यावर आपल्याकडची लाल माती चिकटली होती, आणि तो डाग वरून पाहणाऱ्याला दिसणे शक्य नव्हते. सुपरचार्जर हा या साखळीतला सर्वांत महाग भाग असतो. म्हणूनच त्याच्यावर दोष ठेवण्याची पाळी सर्वांत शेवटी आली पाहिजे.

सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, तसा तो फिरत नसल्यामुळे इंजिनाचे फेरे आणि ब्लोअरचे फेरे यांचे प्रमाण ठरलेले असते, आणि दोष शोधणाऱ्याला याच गोष्टीचा मोठा आधार मिळतो. दाब किती कमी झाला यापेक्षा तो किती फेऱ्यांवर कमी होतो, हे आधी नोंदवावे. त्यासाठी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारे यंत्र) जोडून इंजिनाचे फेरे, मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळीतील) दाब, थ्रॉटलचे उघडणे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान हे चार आकडे एकाच वेळी नोंदले जातील अशी सोय करावी. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये. नोंद दुसऱ्याने ठेवावी किंवा ती आपोआप साठवली जावी. कोरड्या, मोकळ्या चढणीवर वेगमर्यादा न ओलांडता एकाच गिअरमध्ये पूर्ण एक्सलरेटर देऊन दोन-तीन नोंदी घ्याव्यात. पावसाळ्यात चोर्ल्याला धुके उतरते, त्या दिवसांत हा प्रयोग तिथे करू नये.

इंजिन सुरू करण्यापूर्वी, केवळ इग्निशन चालू ठेवून, दाबाचा आकडा पाहावा. पणजी, म्हापसा किंवा मडगाव यांसारख्या समुद्रसपाटीजवळच्या गावांत तो सुमारे १०० ते १०१ किलोपास्कल असला पाहिजे. तिथेच तो ९० किंवा ११० दिसत असेल, तर सेन्सर तेलाने माखला आहे किंवा बिघडला आहे, आणि पुढचे सर्व मोजमाप व्यर्थ आहे. मात्र चोर्ल्याच्या माथ्यावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, हाच आकडा ९२ च्या आसपास येतो आणि तो बरोबर असतो. ब्लोअर ढोबळमानाने बाहेरच्या हवेला ठरावीक पटीने दाबतो. खाली १०१ चे १५० करणारा ब्लोअर वर ९२ चे १३७ च्या आसपास करील. गाडी वरच्या टप्प्यात थोडी मंद वाटणे हा निसर्गाचा भाग आहे, बिघाड नव्हे. म्हणून तुलना नेहमी एकाच ठिकाणच्या दोन नोंदींची करावी.

आता नोंदीचा अर्थ लावायचा. कमी फेऱ्यांवर दाब बराच कमी आणि फेरे वाढतील तसा तो सावरत जात असेल, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे, कारण भोक तेवढेच राहते आणि ब्लोअरने ढकललेली हवा वाढत जाते, त्यामुळे गळून जाणाऱ्या हवेचा वाटा घटतो. याउलट साडेतीन-चार हजार फेऱ्यांपर्यंत सर्व ठीक असून पुढे दाब एकदम बसतो, तेव्हा पट्टा घसरतो आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे असा तर्क करावा. सर्व फेऱ्यांवर दाब जवळपास शून्यच असेल, तर बायपास झडप (ब्लोअरची हवा परत मागे सोडणारी) उघडी अडकली आहे किंवा ब्लोअर फिरतच नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग) तुंबल्यास दाब घटत नाही, उलट वाढलेला दिसू शकतो, कारण इंजिनाला हवा पुढे नेता येत नाही आणि ती मॅनिफोल्डमध्येच साचते. गाडी दमते पण दाब चांगला दिसतो, अशा वेळी एक्झॉस्टकडे पाहावे. स्कॅनरमध्ये पी०२९९ हा कोड असेल तर दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे तो सांगतो. का कमी आहे, हे तो सांगत नाही.

पट्टा तपासताना इंजिन बंद आणि चावी खिशात असावी. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चमकत असेल, पुलीच्या खाचांजवळ काळी भुकटी साचली असेल किंवा पट्ट्याच्या कडा उसवल्या असतील, तर तो बदलावा. टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारा भाग, मात्र अनेकजण विसरतात. इंजिन आयडलवर असताना लांबून, बॅटरीच्या प्रकाशात त्याच्याकडे पाहावे. त्याचा हात सतत थरथरत असेल तर आतली स्प्रिंग थकली आहे आणि नवा पट्टाही घसरेल. पावसात पाण्याच्या डबक्यातून गेल्यावर काही मिनिटे दाब कमी पडून पुन्हा पूर्ववत होत असेल, तर संशय पट्ट्यावरच घ्यावा. पट्ट्यावर चिकट फवारा मारण्याचा सल्ला मुळीच मानू नये; त्यावर धूळ बसून खाचा लवकर झिजतात.

बायपास झडपेचे काम असे की एक्सलरेटर सोडलेला असताना ब्लोअरने ढकललेली हवा परत मागे फिरवायची, आणि एक्सलरेटर दाबताच बंद व्हायचे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या झडपेत स्प्रिंग ती बंद ठेवते आणि व्हॅक्यूम ती उघडते. म्हणून तिची बारीक नळी उंदराने कुरतडली तर बहुधा झडप बंदच राहते; आवाज आणि इंधनाचा खप वाढतो, पण दाब जात नाही. दाब जातो तो दांडा गंजून उघडा अडकल्यामुळे किंवा स्प्रिंग मोडल्यामुळे, आणि समुद्राजवळ महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांत दांडा गंजणे मुळीच नवलाचे नाही. इंजिन थंड असताना दांडा बोटाने हलवून पाहावा; तो सहज सरकून आपणहून परत आला पाहिजे. विजेच्या मोटरवर चालणारी झडप मात्र हाताने न हलवता स्कॅनरच्या आज्ञेनेच उघडझाप करून पाहावी.

गळती शोधण्याची पद्धत साधी आहे, पण घाईची नाही. इंजिन थंड असताना एअर फिल्टरनंतरची होज सोडवून तिथे घट्ट बूच बसवावे आणि रेग्युलेटर लावलेल्या कंप्रेसरने ०.३ बारपासून हवा सोडावी, ०.५ बारच्या पुढे जाऊ नये, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. भांडी घासण्याचा साबण पाण्यात कालवून प्रत्येक जोडावर, क्लॅम्पवर, इंजेक्टरच्या बुडाशी आणि इंटरकूलरच्या टोकांवर फवारावा. फुगे जिथे अखंड येत राहतात तिथे थांबावे. तेलाच्या डिपस्टिकमधून थोडी फुसफुस ऐकू येणे स्वाभाविक आहे, कारण काही सिलिंडरांच्या झडपा उघड्या असतात आणि थोडी हवा पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते; पण हवा तिथून जोरात येत असेल, तर क्रँककेसच्या (इंजिनाच्या तळाच्या पेटीच्या) वायुवीजनाची एकेरी झडप निकामी झाली असण्याची शक्यता मोठी आहे. होजच्या खालच्या बाजूला हात पोहोचत नसेल तर छोटा आरसा धरावा. माझ्या गाडीची चीर आरशातच दिसली: फुगे एकामागून एक फुटत होते, आणि होज किंचित वाकवताच चीर ओठासारखी उघडत होती.

दाब योग्य असूनही दुपारच्या उन्हात गाडी मंदावत असेल, तर आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरचा लहान पंप बंद पडला की तापमान चढत जाते, इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा देतो आणि चालवणाऱ्याला वाटते की दाबच (बूस्ट) गेला. पंप चालू आहे की नाही हे त्याच्यावर हात ठेवला तरी कळते.

एवढे सर्व निर्दोष ठरल्यावरच ब्लोअरकडे वळावे. पट्टा काढून पुली हाताने फिरवावी. ती थोड्या सारख्या प्रतिकाराने फिरली पाहिजे, अडखळू नये, आणि बाजूला हलवल्यास खडखडू नये. आतल्या रोटरवरचे (हवा ढकलणाऱ्या फिरत्या भागावरचे) आवरण निघून गेले असेल, तर फटी वाढून हवा मागे सरकते आणि ते दुरुस्तीचे खरे काम आहे. आयडलवर ऐकू येणारा खुळखुळाट मात्र अनेकदा आतल्या कपलरचा (पुलीकडची गती रोटरकडे नेणाऱ्या जोडाचा) असतो. तो बदलावा जरूर, पण दाब त्यानेच गेला असे गृहीत धरू नये.

दुरुस्तीनंतर त्याच चढणीवर, त्याच गिअरमध्ये पुन्हा नोंद घ्यावी आणि जुन्या नोंदीशेजारी ती ठेवावी. नवी रबरी होज उष्णतेने थोडी बसते, म्हणून आठवडाभराने तिचे दोन्ही क्लॅम्प पुन्हा एकदा कसावेत.