कर्ज घेणाऱ्या बाईला स्वतःचं पासबुक वाचता येतं का?

परदेशातल्या एखाद्या मायक्रोफायनान्स (गरिबांना लहान कर्जं देणाऱ्या) योजनेला किंवा प्रौढ साक्षरता वर्गाला पैसे देण्याआधी मी संस्थेला हाच प्रश्न विचारते. माझी सगळी नोकरी बँकेत, कर्जखात्यावर झाली. आकडे वाचता येत नसतील, तर वसुलीला आलेला माणूस लिहील ते कर्जदार बाईला मुकाट्यानं मान्य करावं लागतं. म्हणून साक्षरता आणि पतपुरवठा हातात हात घालून चालतात असेच कार्यक्रम शोधा.

दुसरा प्रश्न व्याजाचा. दर 'फ्लॅट' (सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर (फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर), हे लेखी मागा. समजा कर्ज १२,०००, मुदत १२ महिने, दर २० टक्के फ्लॅट. व्याज झालं २,४०० आणि महिन्याचा हप्ता १,२००. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वरच लागतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर वर्षाला ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. वर्गात हे गणित शिकवतात का, तेही विचारा. माझ्या मते अक्षरओळखीइतकंच ते गरजेचं आहे.

किवासारख्या संकेतस्थळावर परदेशातल्या गरजू माणसाला २५ डॉलरपासून कर्ज देता येतं. तुम्हाला व्याज मिळत नाही, पण तिथली स्थानिक भागीदार संस्था कर्जदाराकडून बहुतेक वेळा व्याज घेते. शिवाय फोटोतल्या बाईला कर्ज अनेकदा आधीच मिळालेलं असतं. तुमचे पैसे त्या संस्थेकडे जातात. तेव्हा फोटोपेक्षा संस्थेची माहिती नीट वाचा. तारण काय घेतात तेही बघा. कंबोडियात जमिनीची कागदपत्रं गहाण ठेवून लहान कर्जं दिली गेली आणि ती फेडण्यासाठी कित्येक कुटुंबांना जमीन विकावी लागली. जमीन तारण घेणाऱ्या योजनेला मी एक पैसाही देत नाही.

मला स्वतःला बचतीपासून सुरू होणारे गट जास्त पटतात. १९९१ मध्ये 'केअर' या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेनं पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात बायकांचे असे गट उभे केले. पैसे गटाचेच, कर्जही त्यातूनच, आणि व्याज परत गटाकडेच. पुढे ही पद्धत अनेक देशांत पोचली. अशा गटांची पेटी सहसा तीन कुलपांची असते, किल्ल्या तिघींकडे, आणि पेटी उघडायची ती सगळ्यांसमोर. लिहिता न येणाऱ्या बाया शिल्लक तोंडपाठ ठेवत. इथे बाहेरून भांडवल ओतू नका. आपल्या घामाच्या पैशावर बाया जशी नजर ठेवतात तशी फुकट आलेल्या पैशावर राहत नाही. गट बांधून देणाऱ्या प्रशिक्षकाच्या मानधनाला पैसे द्या.

वर्गाच्या बाबतीत भाषा आणि वेळापत्रक तपासा. नायजरमधल्या एका प्रकल्पात हौसा आणि झार्मा या तिथल्याच भाषांत शिकवत. वर्ग फेब्रुवारी ते जून चालत, पेरणी आली की बंद. साधा मोबाइल वापरायलाही शिकवल्यावर शिकणाऱ्यांची प्रगती जास्त झाली. शेतीच्या ऐन हंगामात वर्ग ठेवणाऱ्या संस्थेनं गावाला विचारलेलं नसतं, हे ओळखा.

आणि देणगी एका वर्षाची देऊ नका. वाचायला शिकलेलं सरावाविना विसरतं, म्हणून निदान तीन वर्षांचा शब्द द्या. दरवर्षी देणगीचा पुढचा हप्ता देण्याआधी विचारा: वर्गातल्या किती जणी आता गटाची वही स्वतः लिहितात?