बाळ लहानखुरं आहे? वजनाच्या काळजीपोटी होणाऱ्या या चुका टाळा

एक मुलगी. दिवस पूर्ण भरून जन्मली, जन्माचं वजन २.३ किलो. सहाव्या महिन्यात ५.९ किलो. घरातले सगळे धास्तावलेले, कारण शेजारच्या फ्लॅटमधलं त्याच वयाचं बाळ आठ किलोंचं. दुसरा एक मुलगा. जन्माला ३.४ किलो, सहाव्या महिन्यात ७.९ आणि नवव्या महिन्यात ८ किलो. गुटगुटीत, सगळे त्याचे गाल ओढतात.

लसीकरणाच्या ओपीडीत बाळांची वजनं करणारी सिस्टर म्हणून मला विचाराल, तर डॉक्टरांकडे आधी न्यायला हवं ते त्या मुलाला. मुलगी जन्मली तेव्हा वाढीच्या तक्त्यातल्या हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्याच्या खालच्या रेषेच्याही थोडी खाली होती. सहा महिन्यांत ती रेषा ओलांडून वर आली. मुलाचं वजन मात्र तीन महिन्यांत जेमतेम शंभर ग्रॅम वाढलं. त्या वयात साधारण किलोभर वाढायला हवं. तो अजून हिरव्या पट्ट्यातच आहे, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतली आई असो, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली असो की नवी मुंबईत कोपरखैरण्यातली, "सिस्टर, वजन कमी आहे ना?" हा प्रश्न ठरलेला. मला उलट विचारायचं असतं, की मागच्या वेळी किती होतं? एका दिवसाच्या आकड्यावरून बाळाबद्दल फार थोडं कळतं. आकडे एकापुढे एक मांडले, रेषा काढली, की मग ते बाळ स्वतःच्या वाटेने चाललंय का ते दिसतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका ती रेषा न बघितल्यामुळे होतात.

सरासरीला किमान समजणं

एक वर्षाच्या मुलीचं सरासरी वजन ८.९ किलो, मुलाचं ९.६ किलो. इथे सरासरी म्हणजे मधली रेषा. निम्मी निरोगी बाळं तिच्या खाली असणारच, नाहीतर ती मधली राहणार नाही. वर्षाच्या निरोगी मुलींचा पल्ला साधारण सात किलोंपासून साडेअकरा किलोंपर्यंत असतो. मुलामुलींचे तक्ते वेगळे असतात. मुलीचं वजन मुलांच्या तक्त्यात बघून घाबरलेले आईवडील मी पाहिले आहेत.

"हे तक्ते परदेशातल्या बाळांचे, आपली मुलं बारीकच असतात" हे वाक्यही खरं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आपण जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे तक्ते वापरतो. त्यांच्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली बाळं पाहिली होती. भारतातली बाळं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध, स्वच्छता आणि नीट आहार मिळाला तर या सगळ्या देशांतली बाळं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यात दिसलं. त्यामुळे "आपल्याकडे चालतंच" म्हणून रेषेकडे पाठ फिरवू नका.

आईवडिलांच्या चणीचा भाग मात्र खरा आहे. आई चार फूट अकरा इंच आणि बाबा साडेपाच फूट असतील, तर त्यांची लेक वरच्या रेषेवर धावणार नाही. जन्माला मोठं असलेलं बाळ पहिल्या दोन वर्षांत घराण्याच्या चणीप्रमाणे हळूहळू खाली सरकू शकतं, आणि छोटं जन्मलेलं वर सरकू शकतं. हे सरकणं आजार आहे की स्वाभाविक, हे एका भेटीत ठरत नाही.

वजन करण्यातच गफलत

निम्मी काळजी इथे जन्मते, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. भिजलेल्या डायपरचं वजन याच्या कितीतरी पट असतं. झबलं, टोपडं, दुपटं, चांदीचे वाळे, मनगट्या यांचा हिशोब वेगळाच. एकदा उघड्या अंगाने वजन केलं आणि पुढच्या वेळी कपड्यांसकट, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

दुसरी गोष्ट काट्याची. जन्माच्या वेळी नर्सिंग होमचा काटा, नंतर घराजवळच्या क्लिनिकचा, मध्येच माहेरी डोंबिवलीत तिसरा. प्रत्येक काट्यात थोडा फरक असतोच. बाळाला कडेवर घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा प्रकार तर मोठ्या माणसांच्या काट्यावर बाळाच्या ग्रॅमचा हिशोब मागण्यासारखा आहे. एकच काटा ठरवा, तो बाळांसाठीचा डिजिटल असावा, बाळ उघडं असावं आणि सुरुवातीला आकडा शून्य आहे ना ते बघा. पाहणाऱ्या सिस्टरला हे सांगायला संकोच करू नका, मला तरी अशी आई आवडते.

रोज वजन करू नका. एक फीड किंवा एक शी आख्ख्या दिवसाची वाढ लपवू शकते. निरोगी बाळाचं वजन लसीच्या भेटीला केलं तरी पुरतं. फार छोट्या बाळासाठी डॉक्टर आठवड्याला बोलावतील, तेवढंच पाळा.

आणखी एक हिशोब हमखास चुकतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाला परत येतं. अडीच किलोंचं बाळ तिसऱ्या दिवशी २.३ असेल आणि पंधराव्या दिवशी पुन्हा २.५, तर "पंधरा दिवसांत काहीच वाढलं नाही" असं म्हणायचं नसतं. ते दोनशे ग्रॅम वाढलेलं असतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीचं वजन कागदावर लिहून घ्या.

लांबीचंही असंच. पलंगावर टेप पसरून मोजलेली लांबी दोन-तीन सेंटीमीटरनी सहज चुकते. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं ठेवून, डोक्याशी आणि तळपायांशी फळी असलेल्या मापकावर मोजतात. डोक्याचा घेरही मोजायला सांगा. नुसतं वजन कमी आहे की लांबी आणि डोक्याचा घेरही मागे आहे, यावर डॉक्टरांचा पुढचा विचार ठरतो.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय चुकवणं

चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ सहा आठवडे आधी आलेलं असतं. ते चार महिन्यांचं झालं, की तक्त्यावर त्याला अडीच महिन्यांचं धरून बघायचं. दोन वर्षांपर्यंत वाढ आणि मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे सगळं या दुरुस्त वयाने मोजतात. लस मात्र डॉक्टरांनी थांबवली नसेल तर जन्मतारखेप्रमाणेच. "छोटं आहे, थोडं मोठं होऊ दे" म्हणून लस पुढे ढकलणं धोक्याचं आहे, कारण जंतुसंसर्ग अशाच बाळांना लवकर गाठतो.

घाईघाईने वरचं दूध

"तुला दूधच येत नाहीये गं, बघ कसं वाळलंय बाळ!" बाळंतिणीला भेटायला आलेली आत्या, काकू प्रेमानेच हे म्हणते. त्या रात्री डबा आणला जातो. बाळ बाटली पितं, गाढ झोपतं, अंगावर कमी ओढतं. जेवढं कमी ओढलं जातं तेवढं दूध कमी तयार होतं, आणि आठवड्याभरात आत्याचं म्हणणं खरं ठरतं.

डबा आणण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, पकड. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि फक्त बोंडी नाही तर भोवतालचा काळा भागही तोंडात. दुखतंय म्हणजे बहुतेक वेळा पकड चुकली आहे. दुसरी, वेळा. छोटी बाळं झोपाळू असतात, भूक लागली तरी रडत नाहीत. त्यांना दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं, रात्रीसुद्धा, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. तिसरी, लंगोट. पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू होत असेल तर दूध पोटात जातंय. रडणं, स्तन मऊ वाटणं, पंपाने थोडंच निघणं यांवरून दूध कमी आहे असं ठरत नाही.

बाळ ओढायला फारच अशक्त असेल तर आईचंच दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देता येतं. आईच्या उघड्या छातीवर बाळाला चिकटवून ठेवायची कांगारू पद्धत अडीच किलोंखालच्या बाळांना फार उपयोगी पडते. ऊब टिकते, म्हणून बाळाची शक्ती अंग गरम ठेवण्यात खर्च होत नाही, आणि आईचं दूधही वाढतं. बाबाही असं बाळ घेऊ शकतात. घेतातही, आणि ते बघून फार बरं वाटतं.

काही बाळांना वरच्या दुधाची खरंच गरज पडते. तसं डॉक्टरांनी सांगितलं तर अपराधी वाटून घेऊ नका. पण डबा महाग म्हणून पावडर कमी टाकून पातळ दूध पाजणं, ही मी पाहिलेली सगळ्यात घातक काटकसर आहे. पोट पाण्याने भरतं आणि वजन जागच्या जागी राहतं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण एक चमचाही बदलू नका.

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये किंवा लोकलने थेट दादरपर्यंत कामाला जाणाऱ्या आयांच्या बाळांच्या वजनाचं गाडं रजा संपल्यावर अडतं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती पूर्ण घ्या. नंतर पिळून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत राहतं. बाहेर चार तास टिकतं ते पंचवीस अंशांपर्यंत. आपल्या मे महिन्यात ते लगेच फ्रिजमध्येच जायला हवं.

सहा महिन्यांनंतर नुसतं पाणी भरवणं

डाळीवरचं पाणी, भाताची निवळ, भाज्यांचं सूप. घरोघरी याने सुरुवात होते, आणि बाळ "छान वाटीभर पितं". बाळाचं पोट छोटं असतं, एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली एवढंच. सहा किलोंच्या बाळाने त्यात डाळीचं पाणी भरलं, तर जेवणाला जागाच उरत नाही. खाणं चमचा तिरका केल्यावर ओघळून जाणार नाही इतकं घट्ट हवं. मऊ भात, डाळीचा गाळ, वर साजूक तूप किंवा तेल. नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेला बटाटा, केळं, अंड्याचा बलक. आगरी-कोळी घरांत काटे नीट काढलेला पापलेटचा तुकडा सहा महिन्यांनंतर जरूर द्या. लोह आणि प्रथिनं छोट्या बाळाला जास्तच लागतात. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, तो घ्या.

दुधात बुडवलेलं बिस्कीट जेवण नव्हे. वर्षानंतर उलटी चूक होते. जेवत नाही म्हणून बाटलीमागून बाटली दूध. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध गेलं की भूक मरते आणि रक्त कमी होतं.

जबरदस्ती करू नका. नाक दाबून, मोबाईल समोर धरून भरवलेलं बाळ काही दिवसांत चमचा बघूनच तोंड फिरवतं.

टॉनिक, गुटी, मध

भूक वाढवणाऱ्या औषधाने बाळ वाढत नाही. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बॉट्युलिझम हा जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आत पाणी आणि गुटीही नको. ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट एवढे, आणि कमी वजनाच्या बाळाला लोहाचे थेंब लागतात. ते केव्हा सुरू करायचे हे डॉक्टर सांगतील. दृष्ट काढायची तर काढा, पण डॉक्टरची भेट त्यासाठी पुढे ढकलू नका.

थांबू नये अशा वेळा

पुढची कुठलीही गोष्ट दिसली तर वजनाची तारीख येण्याची वाट बघायची नाही: बाळ अंगावर ओढेनासं झालं, उठवूनही उठत नाही, दिवसात शू कमी झाली, हिरवी उलटी, हातपाय गार, ताप, श्वास जोरात, दूध पिताना घाम आणि धाप. दूध पिताना घामाघूम होणारं बाळ बघितलं की आम्ही हृदयाकडे लक्ष देतो, म्हणून "उकाड्यामुळे असेल" म्हणून सोडू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय इथे बालरोग विभाग आहेत.

धावपळ नसलेल्या पण चालढकल करू नये अशा गोष्टी: दोन आठवड्यांनंतरही जन्माचं वजन परत आलं नाही, दोन भेटींत रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी आला. दंडाची पट्टी आशा ताई आणि अंगणवाडी सेविकांकडे असते. मोजून द्यायला सांगा, त्या घरी येऊनही मोजतात.

डॉक्टरांकडे जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्जचा कागद, आधीची सगळी वजनं तारखांसकट आणि मागच्या तीन दिवसांत बाळाने काय, किती वेळा घेतलं याची नोंद घेऊन जा. रात्रीची फीड्सही त्यात लिहा, बहुतेक जण तीच विसरतात.