पर्शियन बोक्याचं पिल्लू घेताय? या चुका टाळा

'बोका' म्हणून घरी आणलेलं आमचं पर्शियन पिल्लू सातव्या महिन्यात माजावर आलं. रात्रभर ओरडायचं, फरशीवर लोळायचं. तेव्हा कळलं, ही मांजरी आहे. तिच्यावरचा जीव काही कमी झाला नाही, पण घेतानाच शेपटी उचलून पाहिली असती तर विकणाऱ्याचं खोटं तिथेच उघडं पडलं असतं.

पर्शियनच्या दाट केसांमुळे ही फसवणूक सोपी जाते. केस दोन बोटांनी बाजूला सारा. नर असेल तर गुदद्वार आणि त्याखालचं छिद्र विसर्गाच्या दोन टिंबांसारखं दिसतं, मधे साधारण करंगळीच्या रुंदीचं अंतर. मादीत दोन्ही जवळजवळ असतात आणि खालची उभी चीर असते. काळा, तांबूस आणि पांढरा असे तिन्ही रंग असलेलं पिल्लू कुणी नर म्हणून दाखवलं तर थांबा, कारण ते जवळजवळ नेहमी मादीच असते.

दुसरी चूक वयाची. आठ आठवड्यांखालचं पिल्लू दुकानात विकायला २०१८ च्या पेट शॉप नियमांनी बंदी आहे, तरी महिन्याभराची पिल्लं 'दोन महिन्यांचं' म्हणून सर्रास खपवली जातात. तोंड उघडून बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाच्या दाढाही आलेल्या असतात. मी तर बारा आठवडे होईपर्यंत थांबा असंच सांगेन. आईजवळ राहिलेलं पिल्लू धीट होतं.

फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नका.

'पंच फेस'साठी, म्हणजे नाक आत दबलेल्या चपट्या चेहऱ्यासाठी, जास्त पैसे मोजण्याआधी पिल्लू झोपलेलं असताना कान लावून ऐका. घरघर येत असेल, नाकपुड्या चिमटल्यासारख्या असतील, तर तो चेहरा त्याला जन्मभर छळणार. त्यापेक्षा नाक थोडं पुढे असलेला 'डॉल फेस' घ्या. कानामागे, पंजांवर गोल टक्कल दिसलं तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते घरातल्या मुलांनाही होतं. पीकेडी या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजारासाठी आईबापांची चाचणी झाल्याचा रिपोर्ट मागा. या आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. एका पालकात दोष असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत तो उतरतो.

नर घेताय म्हणून आणखी दोन गोष्टी. पाच-सहा महिन्यांचा झाला की नसबंदी करून घ्या, भिंतींवर लघवीचे फवारे मारायची सवय लागण्याआधी. एक वृषण खाली उतरलं नसेल तरी शस्त्रक्रिया टाळू नका.

आणि लघवी. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती खड्यांनी किंवा चिकट गाळाने तुंबते. तो वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, म्हणून सकाळपर्यंत थांबतात. थांबू नका, एक-दोन दिवसांत जीव जातो. पिल्लू आणायच्या आधीच रात्री उघडा असणारा व्हेट शोधून ठेवा आणि त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा.