लाल पेन कपाटात ठेवा: इंग्रजीच्या शिक्षकांनी प्रूफरीडिंगकडे कसं वळावं

वर्गात वर्षानुवर्षं 'डिस्कस अबाउट' खोडल्यावर मला वाटलं होतं, प्रूफं तपासणं म्हणजे पेपर तपासण्याचाच पुढचा भाग. पहिल्याच कामात एका प्राध्यापिकेच्या लेखातली वाक्यंच्या वाक्यं मी माझ्या पद्धतीने लिहून टाकली. त्यांचा फोन आला, "सर, इथे चूक काय होती?" चार ठिकाणी मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ठरवलंय, कारण सांगता येत नसेल तर हात लावायचा नाही.

आधी काम कोणतं ते लेखी ठरवा. प्रूफरीडिंग म्हणजे पानं लावून झाल्यावरची शेवटची नजर: टंकनदोष, गळलेला स्वल्पविराम, चुकलेला पृष्ठक्रमांक. संपादनात वाक्यरचना, पुनरुक्ती, तपशिलांचा मेळ हे सगळं येतं. गिऱ्हाईक दोन्हीला 'जरा प्रूफ बघा' म्हणतं आणि पुढे पैशांवरून कुरबुर होते. पीएचडीचा प्रबंध असेल तर मार्गदर्शकांची संमती आहे ना, हे विचारा. भाषा सुधारायची, युक्तिवाद लिहून द्यायचा नाही.

मग शैली विचारा. स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन? संदर्भ एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमांच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे की विद्यापीठाच्या नियमांनी? आकडा १,००,००० असा लिहायचा की १००,००० असा? 'ऑर्गनाइझ'मधला झेड अमेरिकन समजून आपण मुलांच्या वह्यांत खोडत आलो. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची शैली मात्र झेडचीच आहे! असे निर्णय एका कागदावर टिपत जा. याला स्टाइल शीट म्हणतात. पान नव्वदवर पोचेपर्यंत पान तीनवर काय ठरवलं होतं, ते आठवत नाही.

वर्डमध्ये मूळ फाइलची प्रत करा, 'ट्रॅक चेंजेस' (केलेला प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी सोय) सुरू करा आणि मगच पहिलं अक्षर बदला. शंका कॉमेंटमध्ये, तीही प्रश्न म्हणून लिहा: 'तक्ता ३ मध्ये ४२ आहे, इथे २४. कोणता बरोबर?' एकदा अर्थासाठी वाचा, एकदा अक्षरासाठी, आणि शीर्षकं, तक्ते, आकडे वेगळे बघा. स्पेलचेकवर विसंबू नका. 'मॅनेजर'च्या स्पेलिंगमधला दुसरा 'ए' गळला की त्याचा 'मेंजर', म्हणजे गव्हाण होते, आणि यंत्राला तो शब्दही शुद्धच वाटतो.

दर ठरवण्याआधी घड्याळ लावून दोन पानं करून बघा. पान म्हणजे २५० शब्द धरतात. ६०,००० शब्दांचा प्रबंध २४० पानांचा. तासाला पाच पानं झाली तर ४८ तास. तुमच्या तासाचं मोल त्यावरून काढा. शब्द मूळ फाइलचेच मोजा, नाहीतर तुम्ही जितकं छाटाल तितकं तुमचंच बिल कमी होईल. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. ओळखीच्यांकडूनही. संस्था टीडीएस कापतात, म्हणून बिलावर पॅन लिहा.

कामं बहुधा जुन्या विद्यार्थ्यांकडूनच येतात. माझं दुसरं काम आणणारा मुलगा दहावीत इंग्रजीत कसाबसा पास झाला होता. आता त्याचा छापखाना आहे आणि मुदत तो ठरवतो.