इंदूरच्या घरात माशांची टाकी: पाणी कसे बदलावे
इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते थेट टाकीत न ओतता त्यात क्लोरीन काढणारे थेंब घालावेत. आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळे लख्ख घासण्याचा आपला सोस माशांच्या जिवावर उठतो, कारण त्यांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजातच वस्तीला असतात. म्हणून तो बुळबुळीत, तपकिरी स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. उन्हाळ्यात कोमट पाण्यातला प्राणवायू घटून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागल्यास हवेचा पंप रात्रंदिवस चालवावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे, पाहुण्यांच्या मुलांनी कितीही हट्ट धरला तरी.