टीं-टीं वाजलं की आधी पाय काढा

मी सोलापूर–पुणे भाड्याची गाडी चालवतो. गेल्या गाळप हंगामात रात्री सावळेश्वर टोलनाका सोडून मोहोळकडं निघालो होतो. समोर धडक होईल असं गाडीच सांगते, तसं मीटरवर लाल चिन्ह लुकलुकलं, टीं-टीं वाजलं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि मग समोर बघितलं. ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोळ्या बांधलेली वाढं उजेडात दिसली तेव्हा ट्रॉली पुढ्यातच होती.

८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद आधी कळलं तर ६६ मीटर हातात येतात. म्हणून नवी गाडी घेतलीत की पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन समोरच्या धडकेची सूचना सगळ्यात लवकर मिळेल अशी लावा. सारखी वाजते म्हणून बंद करणारे माझ्या ओळखीत आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो, करू नका.

बऱ्याच गाड्यांत ही नजर आरशामागच्या कॅमेऱ्याची असते. तिथं स्टिकर नको, माळ नको. मी रोज सकाळी तेवढी काच ओल्या सोलापुरी टॉवेलनं पुसतो. पण कॅमेऱ्याला समोरच्या गाडीची पाठ ओळखू यावी लागते. ट्रॉली उसानं झाकलेली असली, रस्त्यात बैलगाडी असली, तर तो चुकू शकतो. हंगामात रात्री मी सत्तरच्या वर जात नाही.

गाडी जुनी असेल तर मोबाईल आहेच. मॅपल्स या नकाशाच्या ॲपमध्ये अपघाताची ठिकाणं, गतिरोधक, धोक्याची वळणं आधी बोलून सांगतात. नेव्हिगेशन घरूनच सुरू करा, फोन स्टँडला लावा. ब्लूटूथ जोडलं की आवाज गाडीच्या स्पीकरवर जातो आणि तिथं तो बारीक असला तर गाण्यात सूचना बुडते; निघण्याआधी एकदा ऐकून बघा. सूचना आली की स्क्रीनकडं बघायचं नाही. पाय काढायचा, आरशात मागचा बघायचा, लेन तशीच धरायची.

बंद पडलेला ट्रक दिसला तर गुगल मॅप्सवर कळवता येतं, मागच्यांना ते दिसतं. बटण शेजारच्यानं दाबावं. एकटे असाल तर पुढं सुरक्षित जागी थांबून १०३३ ला, म्हणजे राष्ट्रीय महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन करा. जाताना किलोमीटरचा दगड मात्र वाचून ठेवा, नेमकी जागा सांगायला तोच लागतो.